पहिला बैल कुणी सोलला?

"पोट फाडा, डॉक्टर," कर्नलसाहेब म्हणाले. "आत काय आहे ते मला बघायचंय."

"फाडणार नाही," मी म्हणालो.

फौजदारांनी मान वर केली. पोस्टमॉर्टेमच्या रिपोर्टसाठी ते सकाळपासून खुर्ची टाकून बसले होते. "डॉक्टर, आरोपी तयार आहे. विषाचा डबा तयार आहे. फक्त तुमची सही राहिलीय."

आरोपी गोठ्याच्या खांबापाशी उकिडवा बसला होता. हात दाव्याने बांधलेले. सखाराम ओहोळ, तिथलाच गडी. त्याच्यासमोर बाभळीखाली दोन गाई आणि एक बैल मरून पडले होते. पोटं नगाऱ्यासारखी तटतटलेली, पाय आभाळाकडे. नाकातून काळपट रक्त येऊन मातीत मुरलं होतं.

बहात्तर सालचा दुष्काळ. मी तेव्हा कर्जतला पशुवैद्यकीय अधिकारी होतो, लोकांच्या भाषेत गुरांचा डॉक्टर. त्या वर्षी माझं काम म्हणजे छावण्यांतून फिरायचं आणि उपासाने मेलेली जनावरं मोजायची. ही जनावरं मात्र उपासाने मेली नव्हती. अंगावर मांस होतं.

जागा भीमेच्या काठावर होती. कर्नल इनामदार रणगाड्यांच्या रेजिमेंटमधून रिटायर झाले होते. तरुणपणी ट्रेनिंगला परदेशी गेले असताना त्यांनी तिकडची गुरांची मोठमोठी कुरणं पाहिली होती. तसं आपण करायचं असं मनात धरून त्यांनी नदीकाठचा मोठा तुकडा घेतला, लाकडी कुंपण घातलं आणि फाटकावर पाटी लावली, 'रँच'. गावातले लोक म्हणायचे 'रांच'. वर टेकाडावर त्यांचा पत्र्याचा बंगला. खाली गड्यांच्या दगडी खोल्यांची ओळ. मध्ये गोठा, आणि त्याच्यापलीकडे नदी.

नदी म्हणजे तेव्हा नुसती वाळू. पण रँचच्या हद्दीत काठाला एक काळी कपार होती. तिच्यातून बारमाही झरा वाहायचा आणि खाली डोहात पडायचा. पंचक्रोशीतल्या विहिरी आटल्या तरी तो डोह आटला नाही. तीन गावच्या बायका घागरी घेऊन तिथे यायच्या आणि कर्नलसाहेबांनी कधी कुणाला अडवलं नाही. संध्याकाळी काळविटं यायची. माळावरचा कळपच्या कळप. फाटकावर दुसरी पाटी होती, 'शिकार करू नये'. ती पाटी नावापुरती नव्हती. एका आमदाराच्या भाच्याची बंदूक कर्नलसाहेबांनी स्वतः काढून घेतलेली मला माहीत होती.

म्हणजे माणूस वाईट नव्हता. पण त्या सकाळी त्यांना विष दिसत होतं, आणि मला दुसरंच काहीतरी.

"का नाही फाडणार?" त्यांनी विचारलं.

"मला फाशीचा संशय आहे."

फौजदार हसले. "कुणाला?"

फाशी हा गुरांचा रोग आहे. इंग्रजीत अँथ्रॅक्स. सकाळी चरायला गेलेलं जनावर दुपारी धाडकन पडतं आणि मरतं, म्हणून विष घातल्यासारखं वाटतं. दुष्काळात खुरटलेली ज्वारी खाऊनही जनावर असंच पडतं, त्याला शेतकरी 'किराळ लागली' म्हणतात. पण किराळीत रक्त लालभडक असतं. इथे ते डांबरासारखं काळं होतं आणि मरून कितीतरी वेळ झाला तरी गोठलं नव्हतं. पायही ताठरले नव्हते.

या रोगात एक नियम कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. फाशीचा संशय असेल तर सुरी लावायची नाही. जंतू रक्तात असतो तोवर नाजूक असतो. शरीर उघडलं, हवा लागली, की तो स्वतःभोवती कवच करतो. मग ऊन, पाऊस, काही त्याला मारत नाही. मातीत वर्षानुवर्षं पडून राहतो. पुढे एखादं जनावर तिथलं गवत मुळासकट उपटून खातं आणि पुन्हा सुरू. दुष्काळात गवत राहत नाही, जनावरं माती चाटतात, म्हणून अशा वर्षी हा रोग वर येतो.

हे मी कर्नलसाहेबांना सांगितलं. ते ऐकून घेत होते. मॅनेजर जगताप मात्र मध्येच बोलले, "साहेब, हा गडी आठ दिवसांखाली माझ्या अंगावर आला होता. म्हातारा बैल मेला, ओढून ने म्हटलं तर म्हणतो हात लावणार नाही. नोकरीवरून काढीन म्हटलं. त्याच्यानंतर ही तीन गेली. आणि त्याच्या घरात एन्ड्रिनचा डबा सापडतो. अजून काय पाहिजे?"

"डबा तुमीच दिल्ता," खांबापाशी बसलेला सखाराम म्हणाला. "कपाशीवर माराया. आनि अंगावर न्हाई आलो. येवढंच म्हनलो, आमी ते काम सोडलंय."

मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं, हे काम पूर्वी गावाने त्यांच्या लोकांवर लादलेलं होतं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन ही कुटुंबं बौद्ध झाली तेव्हा त्यांनी सगळ्यांनी मिळून ते टाकून दिलं. सखाराम तेव्हा जेमतेम मिसरूड फुटलेला असेल. त्याच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. जे ठरलंय ते तो सांगत होता.

"मग त्या म्हाताऱ्या बैलाचं काय केलं?" मी जगतापांना विचारलं.

"पुरला."

"न सोलता?"

"साहेबांची ऑर्डरच आहे. मेलेलं जनावर अख्खं पुरायचं."

कर्नलसाहेबांनी मान हलवली. ते खरं होतं.

मी माझा ड्रेसर रंगनाथ याला हाक मारली. ड्रेसर म्हणजे दवाखान्यातला मदतनीस. आम्ही रबरी हातमोजे घातले. एका गाईच्या कानाच्या टोकाला सुईने टोचलं, रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन पसरला आणि वाळवला. या रोगात पोस्टमॉर्टेम म्हणजे एवढंच. मग नाकात आणि मागच्या बाजूने चुन्यात भिजवलेले बोळे घातले, रक्त बाहेर सांडू नये म्हणून.

जाता जाता मी डोहाकडे गेलो. गुरं तिथेच पाणी प्यायची. कपारीच्या खाली एक सपाट खडक होता. त्यावर मोठा काळा डाग होता आणि त्याच्यावर माश्यांचा थर. फटीत पांढरे केस अडकले होते. मी खाली वाकून पाहिलं. बैलाचे केस. खडकापासून पाण्यापर्यंत ओघळ गेलेला. कुणीतरी इथे जनावर सोललं होतं आणि कातडं डोहात धुतलं होतं.

मी परत वर आलो. तोवर सगळे गडी, त्यांच्या बायका, शेजारच्या वस्तीवरचे लोक जमले होते. मी मोठ्याने विचारलं, "पहिला बैल कुणी सोलला?"

कुणी बोललं नाही.

"हे बघा, हा रोग माणसालाही होतो. ज्याने सोलला असेल त्याच्या हाताला फोड येईल. मला सांगा. शिक्षा करायला विचारत नाहीये."

फौजदार माझ्याशेजारीच उभे होते. जगताप म्हणाले, "तरसांनी उकरून ओढला असेल हो. तरसं फार झालीत."

सखाराम म्हणाला, "आमच्यातल्या कुनी हात लावला न्हाई. मी लिवून देतो."

त्याची बायको गयाबाई ओट्याच्या कडेला उभी होती. डोक्यावरचा पदर तिने दातात धरला होता.

कर्नलसाहेबांच्या जीपने मी कर्जतला आलो. आमच्या दवाखान्यात एक जुना मायक्रोस्कोप होता. रंगनाथने स्लाइडवर निळा रंग चढवला. मी डोळा लावला आणि एका क्षणात दिसलं. बांबूच्या कांड्या एकापुढे एक ठेवाव्यात तशा सरळ दांड्या, आणि प्रत्येकीभोवती फिकट गुलाबी कड. एवढी स्पष्ट फाशी मी पुस्तकातही पाहिली नव्हती. एक स्लाइड पुण्याच्या लॅबकडे पाठवायला बांधली, लस होती तेवढी बर्फात घेतली, पंचायत समितीकडून चुन्याची पोती मागवली आणि परत फिरलो.

फौजदार तिथेच होते. मी त्यांना सांगितलं.

"म्हणजे गुन्हा नाही?"

"जंतूवर कलम लावता येत असेल तर लावा."

ते उठले आणि शिपायाला खूण केली. शिपायाने सखारामचे हात सोडले. सकाळपासून बांधून घातलेल्या माणसाला कुणी एक शब्द बोललं नाही. सखारामने मनगटं चोळली. मग म्हणाला, "त्यो एन्ड्रिनचा डबा मालकाचा हाय. मोजून घ्या. एक टोपनसुदिक कमी न्हाई." आणि घराकडे गेला.

आता खरं काम सुरू झालं. मेलेली जनावरं ओढत न्यायची नव्हती. जिथे पडली तिथेच शेजारी पुरुषभर खोल खड्डे खणायचे, आत चुना, वर चुना, मग माती. दुष्काळात जाळायला लाकूड नव्हतंच. गडी खणायला लागले. थोड्या वेळाने सखारामही कुदळ घेऊन आला. मी त्याला थांबवलं नाही. सगळ्यांना हातापायाला फडकी गुंडाळायला लावली.

मी राहिलेल्या गुरांना लस टोचत होतो. लस आज टोचली तरी जनावराच्या अंगात बळ यायला दहाबारा दिवस जातात. तेवढ्यात जे मरणार ते मरतंच. हे मालकाला सांगणं हा या नोकरीतला सर्वांत कंटाळवाणा भाग. कर्नलसाहेब म्हणाले, "किती जातील?"

"सांगता येत नाही."

"आणि डोह?"

"डोह बंद करायचा. आजपासून."

"तीन गावं पाणी पितात, डॉक्टर."

"कपारीतून येतं ते पाणी चांगलं आहे. डोहात पडलं की बिघडतं. कपारीला पत्र्याची पन्हळ लावा, पाणी वरच्या वर पिंपात घ्या. माणसांना तेवढं पुरवा. डोहाला काट्याचं कुंपण."

"आणि हरणं?"

उत्तराला न थांबता ते पत्रा आणायला गेले.

एवढ्यात गोठ्याच्या मागच्या बाजूने गयाबाई आली. हातात रिकामी घागर. कुणी पाहतंय का ते तिने पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "सायब, गुरांच्या डाक्टरला मानसाचं दावलं तर चालतं का?"

मी सुई खाली ठेवली. "कुणाला झालंय?"

"आधी सांगा, फौजदार गेला का?"

"गेला."

"आमच्या मालकास्नी कळता कामा न्हाई. चला."

तिचा मालक म्हणजे नवरा, सखाराम. मी रंगनाथला लस द्यायला सांगून तिच्या मागे गेलो. नदीच्या कडेने थोडं पुढे कलिंगडाच्या वाडीत राखणीची एक खोप होती. वाडी केव्हाच जळून गेली होती, खोप उरली होती. आत अंधारात एक म्हातारा माणूस पोत्यावर पडला होता. सखारामचे वडील. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. ते पाहुण्यांकडे गेलेत असं गयाबाईने सगळ्यांना सांगितलं होतं, नवऱ्यालाही.

तात्यांनी उजवा हात अंगावरच्या घोंगडीखाली लपवला होता. मी घोंगडी बाजूला केली. मनगटाच्या वर रुपयाएवढा काळा डाग, कोळसा चिकटवावा तसा. भोवती पाण्याच्या फोडांचं कडं. हात खांद्यापर्यंत सुजून केळीच्या खांबासारखा झालेला आणि सूज गळ्याकडे चढलेली. अंग तव्यासारखं तापलेलं. माणसाच्या या रोगाला काळपुळी म्हणतात. मी पुस्तकात वाचली होती, प्रत्यक्ष पहिल्यांदाच पाहत होतो.

"कधीपासून?"

"झाले की चारपाच दिस," गयाबाई म्हणाली.

"तात्या, सांगितलं का नाही?"

"दुकत न्हाई वो," ते म्हणाले. आवाज घशात अडकत होता. "दुकलं असतं तर बोललो असतो. मच्छर चावल्यागत खाजलं, आनि मग काळं पडलं. दुकत न्हाई म्हनून गप बसलो."

तेच या रोगाचं कपट आहे. ती पुळी दुखत नाही.

"बैल तुम्ही सोलला?"

त्यांनी डोळे मिटले. मग सांगू लागले. सखाराम नाही म्हणून निघून गेल्यावर जगताप त्यांच्याकडे आले होते. म्हणाले, तुझं पोरगं ऐकत नाही, तू बैल सोलून दे, नाहीतर उद्या खोली खाली करा. बाहेर तर माणसं पाण्यासाठी कोस कोस चालत होती. खोली गेली की झरा गेला. सुनेला दिवस गेले होते. तात्यांनी विचार केला आणि सखाराम वैरणीला गेला असताना बैल खडकावर घेतला.

"दीक्षा घेतली त्या दिशी मी माजी सुरी भीमंत टाकली हुती," ते म्हणाले. "जगतापाची सुरी घेतली. हाताला इसर पडला न्हवता. लवकर झालं."

"कातडं कुठंय?"

"त्यांच्या कोठीत. मीठ लावून." मग त्यांनी चांगल्या हाताने माझी बाही धरली. "सखारामाला सांगू नगा. त्यो चार लोकांत मान वर करून बोलतोय. त्याचं बोलनं खोटं पडंल."

मी म्हणालो, "आधी दवाखान्यात चला. बाकीचं नंतर." गयाबाईला वर पाठवलं आणि जीप आणायला सांगितलं.

जीप आली ती कर्नलसाहेब स्वतः चालवत आले. आणि त्यांच्या मागे पळत सखाराम. कुणीतरी त्याला सांगितलं असणार, किंवा जीप नदीकडे वळलेली पाहून त्याने ओळखलं असेल. तो खोपीच्या दारात आला. वडिलांचा हात पाहिला. सकाळपासून माझं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं, त्यामुळे समजावून सांगायची गरज पडली नाही.

"तुमी?" एवढंच तो म्हणाला.

तात्यांनी तोंड कुडाकडे वळवलं.

मला वाटलं सखाराम आता निघून जाईल. पण तो वाकला, वडिलांच्या अंगाखाली हात घातले आणि त्यांना उचललं. मी म्हणालो, जखमेला हात लावू नकोस. त्याने घोंगडीत गुंडाळून त्यांना जीपमध्ये ठेवलं आणि डोकं मांडीवर घेऊन बसला.

कर्जतला माणसांच्या डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, गळ्याची सूज मला आवडत नाही, नगरला न्या. नगरचा रस्ता तेव्हा खड्ड्यांचा होता. दुतर्फा खडी फोडणारी माणसं, सरकारकडून मिळणाऱ्या सुकडीच्या पिठासाठी लागलेल्या रांगा. मिरजगावच्या पुढे तात्यांनी पाणी मागितलं. सखारामने बाटलीतलं पाणी ओंजळीने पाजलं. बरंचसं बाहेर सांडलं. तात्या काहीतरी पुटपुटले. सखाराम वाकून म्हणाला, "न्हाई रागावलो. निजा."

मला पुढच्या सीटवरून तेवढंच ऐकू आलं.

मी त्याच गाडीने परत फिरलो, कारण रँचवर गुरं होती. येताना कर्नलसाहेबांना कातड्याचं सांगितलं. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. "माझ्या ऑर्डरवर मी विसंबून राहिलो," ते म्हणाले. मग गाडी पुन्हा सुरू केली.

जगताप कोठीच्या दारातच उभे होते. त्यांना कळलं होतं. कर्नलसाहेबांनी किल्ली मागितली. आत भिंतीशी कातडं होतं, मीठ लावून घडी घातलेलं. दुष्काळात मेल्या ढोरांचे ढीग पडले होते, कातड्याला फार मोल नव्हतंच.

"विष म्हणालास," कर्नलसाहेब म्हणाले. "पोलीस बोलावलेस. त्याच्या बापाने बैल सोललाय हे तुला माहीत होतं."

"विषच वाटलं साहेब. देवाशपथ. कातड्याचं बोललो असतो तर तुम्ही मला काढलं असतं." आणि मग त्यांनी स्वतःचे दोन्ही हात माझ्यापुढे धरले. "डॉक्टर, मीठ मी लावलंय. बघा ना. काही दिसतंय का?"

मी हात उलटसुलट करून पाहिले. काही नव्हतं. तरी कर्जतला जाऊन इंजेक्शन घ्यायला सांगितलं. मला आजही वाटतं, जगतापांनी कुभांड रचलं नव्हतं. तीन जनावरं एकदम मेल्यावर त्यांनाही खरोखर विषच वाटलं असेल. फक्त जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं नाही. ते सकाळी सांगितलं असतं तर तात्यांना अर्धा दिवस आधी इंजेक्शन मिळालं असतं. अर्ध्या दिवसाने फरक पडला असता की नाही, हे मला सांगता येणार नाही. कातडं आम्ही रॉकेल ओतून खड्ड्यात जाळलं.

तात्या दुसऱ्या दिवशी नगरच्या दवाखान्यातच वारले. जंतू रक्तात उतरला होता.

रँचवर आणखी पाच जनावरं पडली. मग लसीने धरलं आणि थांबलं. माणसांत दुसरी केस झाली नाही. पन्हळीतून करंगळीएवढी धार यायची. बायका पहाटेपासून रांगेत बसायच्या, पण पाणी मिळायचं.

हरणांचं मात्र काही करता आलं नाही. काट्याचं कुंपण काळविटाला काय अडवणार? एका उडीत पलीकडे. पहिल्याच संध्याकाळी आठदहा जनावरं डोहावर उतरली. दोन दिवसांनी माळावर एक नर सापडला, नाकाशी काळं रक्त. मी सांगितलं, डोहावर माणसं बसवा आणि पत्र्याचे डबे वाजवून त्यांना हुसकून लावा. मेलेल्या हरणांमधून रोग पुन्हा माळावर पसरला असता. गडी बसले. कर्नलसाहेबही बसले. ज्यांनी त्या कळपासाठी आमदाराशी वैर घेतलं ते स्वतः हातात डबा घेऊन त्या तहानलेल्या जनावरांना पाण्यावरून हाकलत होते. हरणं पळायची, थोडं लांब जाऊन उभी राहायची आणि पाण्याकडे बघत राहायची. वाळूत उभं राहून बघत राहायची. मग डबा पुन्हा वाजायचा.

बंगल्याच्या वाट्याच्या पाण्यातून त्यांनी माळावर लांब एक हौद भरायला सुरुवात केली. रांगेतली माणसं कुरकुरली, आणि त्यांचंही चूक नव्हतं. हरणं त्या हौदावर उशिरा यायला शिकली. तोवर बरीचशी पांगली होती. काही वाळूत मरून पडली, काही कुणाच्या चुलीवर गेली. पाऊस आला तेव्हा त्या मोठ्या कळपातली बोटावर मोजण्याएवढी उरली होती.

सखाराम वडिलांचं सगळं उरकून आला तो खोली रिकामी करायलाच. जगतापांना कर्नलसाहेबांनी काढून टाकलं होतं. त्यांनी सखारामला थांबायला सांगितलं, चूक झाली असंही म्हणाले, सगळ्या गड्यांसमोर. सखारामने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुमचा राग न्हाई, सायब. पन त्या झऱ्याचं पानी आता घशाखाली जात न्हाई." तलावाच्या दुष्काळी कामावर, मुकुंदवाडीच्या रस्त्याला, कुठेतरी त्याचा मेहुणा होता. तिकडे तो चालला होता. गयाबाईच्या डोक्यावर बोचकं होतं.

मी तेव्हा शेवटच्या खड्ड्यावर चुना टाकून घेत होतो. तो माझ्याकडे आला.

"डाक्टर, एक विचारू? मी न्हाई म्हनलो म्हनून तात्या गेले का? मी सोललं असतं तर?"

"तर तू गेला असतास. ज्याने कुणी सोलला असता त्याला झालं असतं."

"मंग कुनीच सोलाया नको हुतं," तो म्हणाला.

"नको होतं."

"मी तेच म्हनत हुतो," सखाराम म्हणाला, आणि बोचकं गयाबाईच्या डोक्यावरून स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

पुण्याहून लॅबचा रिपोर्ट आला तेव्हा तो तिथे नव्हता. रिपोर्टमध्ये आम्ही पाहिलं होतं तेच होतं. कर्नलसाहेबांनी पुढच्या वर्षी ती जागा विकली.

त्यानंतर मी कितीतरी साथी पाहिल्या. घटसर्प, बुळकांडी, दोनदा पुन्हा फाशी. गावात शिरलो की माझं पहिलं काम ठरलेलं असायचं. पोलीस, मालक, मुकादम, जे कुणी खुर्चीवर बसलेले असतील त्यांना चहाला पाठवून द्यायचं आणि घराच्या मागच्या बाजूला जाऊन बायकांना विचारायचं, कुणी हात लावला? वरिष्ठांना ही पद्धत गावंढळ वाटायची, आणि एकदा एक पाटील माझ्याविरुद्ध तक्रार घेऊन नगरपर्यंत गेले. जनावराला काय झालंय ते मायक्रोस्कोपमध्ये दिसतं. ते कुणाच्या हाताला लागलंय हे माणसानेच सांगावं लागतं, आणि समोर फौजदार उभा असताना ते कुणी सांगत नाही.